भिंतीतून आलेली नर्सबाई

आता जे सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर तो माणूस मला जरा भोळा वाटेल. पण आमच्या घरी नर्सबाई भिंतीतून आली होती. दारातून नाही, खिडकीतून नाही. भिंतीतून. आणि ती भिंत मी स्वतःच्या हातानं बांधलेली होती, म्हणून तर येऊ शकली.

हसताय काय? हात चालू द्या. सडका कांदा डावीकडं, चांगला उजवीकडं, आणि कान माझ्याकडं. बाहेर वारा असा सुटलाय की शेतातली माती उठून मालकाच्या अंगणात चाललीय. असाच राहिला तर पुढचं पीक आपल्याला तिकडंच जाऊन घ्यावं लागेल. तोवर ह्या छपराखाली बसून दुसरं करणार काय?

ती समोरची खोल्यांची रांग बघा. मी बांधली ती. तेव्हा मी गवंडी होतो. हातात थापी धरली की विटा आपण होऊन रांगेत यायच्या. मालकाला शेतावरच्या मजुरांसाठी खोल्या हव्या होत्या, आणि हव्या होत्या त्याही फुकटात. मला म्हणाला, "मधल्या भिंती कशाला जाड करतोस? मजुराकडं लपवण्यासारखं असतं तरी काय?" मग मी काय करणार? विटा कडेवर उभ्या लावल्या, सिमेंट नुसतं वासापुरतं घातलं, बाकी सगळी वाळू.

"म्हणूनच मी माझ्या खोलीत खिळा ठोकला की शेजारच्याच्या घरात निघतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"मग त्यात तुझं काय गेलं? त्यानं त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. एका खिळ्यात दोन संसार."

तर रांगेतली एक खोली माझी, आणि तिला चिकटून हिची. ती बघा, ढिगामागं बसलीय ती. आम्ही तिला तोफ म्हणतो. तोंडावरच म्हणतो, कारण पाठीमागं म्हटलं तरी तिला ऐकू जातंच.

"म्हणा, म्हणा," तोफ कांद्याची साल झटकत म्हणाली. "पण सांगायचं ते नीट सांग, म्हाताऱ्या. मी बसलेय इथं."

नीटच सांगतो. त्या काळात आमचं बोलणं बंद होतं. कारण क्षुल्लक. हिनं कपडे धुतलेलं साबणाचं पाणी दारातून भिरकावलं, ते उतारानं माझ्या मिरचीच्या वाफ्यात शिरलं, आणि मिरचीला फेस आला.

"फेस मिरचीला नाही, तुझ्या तोंडाला आला होता."

बघा, अजून धूर निघतोय तोफेतून. तेव्हापासून ती माझ्याकडं बघायची नाही, मी तिच्याकडं बघायचो नाही, आणि दोघंही कोण बघत नाही हे बघत असायचो.

अशात दोन्ही घरांत एकाच हंगामात पाळणा हलला. तोफेच्या सुनेला मुलगी, माझ्या सुनेला मुलगा. तोफेच्या घरी काळजी नव्हती. तिनं स्वतःची पोरं वाढवलेली, दिराची वाढवलेली, दोनचार गल्लीतली उगाच सापडली म्हणून वाढवलेली. माझ्या घरी काय होतं? माझी म्हातारी आधीच गेलेली. सुनेची आई लांबच्या गावी, तीही अंथरुणाला खिळलेली. घरात बाई म्हणजे ती पोरगी एकटी, आणि तिच्या भोवती आम्ही दोन बाप्ये, मी नि माझा मुलगा. तो शेताला पाणी देणारा. पाटाचं पाणी कुठं वळवायचं ते त्याला झोपेत कळायचं, पण स्वतःचं पोर हातात दिलं की तो फावडं धरल्यासारखं धरायचा.

आणि पोर दूध ओढेना. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, पाजत राहा," आणि पुढच्याला हाक मारली. पाजत राहा! कसं, ते कोण सांगणार? सून त्याला जवळ घ्यायची, ते डोकं इकडून तिकडं आपटायचं, रडून लालभडक व्हायचं, मग सूनही रडायची. मुलगा दाराबाहेर बसून एक दोरी वळायचा, उलगडायचा, परत वळायचा. पोर वाळत चाललं होतं. हे हसण्यासारखं नव्हतं, म्हणून एवढं खरं सांगतो. बाकी पुढचं तुम्ही तुमच्या हिशेबानं घ्या.

त्याच दिवसांत मोठ्या बाई आल्या. शहरातल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. प्राध्यापिका. केस पिकलेले, पायात दणकट बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघायची सवय. ह्याच छपराखाली उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गरिबाघरी लेकरू झालं की आईबाप एकटे पडतात. तेव्हा एखादी नर्स घरी येऊन बसली, बोलली, शिकवलं, धीर दिला, तर लेकराचं नि आईबापाचं भलं होतं का, हे मला तपासायचंय. त्याचंच संशोधन करतेय मी."

"त्यात तपासायचं काय?" तोफ म्हणाली. "येऊ दे की घरोघरी."

"घरोघरी आली तर फरक कसा कळेल, आजी? म्हणून निम्म्या घरांत येईल, निम्म्या घरांत येणार नाही. मग दोन्हीकडची लेकरं बघायची. चिठ्ठ्या टाकू, म्हणजे कुणावर अन्याय नको. आजारी पडलं तर दवाखाना आहेच सगळ्यांना."

"आम्ही खताचं असंच करतो," माझा मुलगा म्हणाला. "निम्म्या वाफ्यांना घालायचं, निम्म्यांना नाही."

"अगदी तसंच!" बाई खूश झाल्या.

आता खत घातलेल्या वाफ्यातलं पाणी शेजारच्या वाफ्यात झिरपतं, हे मी त्याच वेळी बाईंना सांगायला हवं होतं. पण मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर आत्ता बोलता बोलता सुचलं.

चिठ्ठ्या माझ्याच घमेल्यात टाकल्या. बाईंनी डोळे मिटून उचलल्या, त्यात लबाडी नव्हती. नर्स निघाली तोफेच्या घराला. दात आहेत तिथं चणे नाहीत, चणे आहेत तिथं दात नाहीत, दुसरं काय! माशाच्या घरी पोहणं शिकवणारा मास्तर, आणि बुडणारा काठावर ओरडतोय. सून पोराला छातीशी धरून आत गेली, आणि दार एवढं हळू लावलं की मला ते आपटल्यासारखं वाटलं.

"मला काय ठाऊक होतं?" तोफ मधेच म्हणाली. "मी तर बाईंना म्हटलं होतं, माझी चिठ्ठी ह्याला द्या."

"म्हटलं होतंस?"

"मनात म्हटलं होतं."

पुढच्या आठवड्यात नर्सबाई आली. काटकुळी पोरगी, पाठीवर पिशवी, वाऱ्यानं केसांचं गवत झालेलं. तोफेच्या घरात शिरली. मी इकडं भिंतीला कान लावला. आवाज यायचा, पण चाळणीतून आल्यासारखा. निम्मा यायचा, निम्मा पलीकडंच राहायचा. "बाळाचं पोट..." की मग काही नाही. "तोंड उघडलं की..." की मग काही नाही. आता पोटाचं काय करायचं, आणि तोंड उघडलं की काय करायचं? इकडं पोर किंचाळतंय. त्याच्या रडण्यानं मालकाच्या विहिरीतलं पाणी हलत होतं, म्हणजे बघा.

मी म्हटलं, "सूनबाई, चमचा दे."

"जेवायला वेळ आहे अजून, मामंजी."

"जेवायचं नाही. भिंत खायचीय."

भिंत माझीच. कुठली वीट ढिली आहे ते मला तिच्या जन्मापासून ठाऊक. सांध्यातली वाळू चमच्यानं खरवडली, दोन बोटं घातली, आणि दुधाचा दात निघावा तशी वीट निघून हातात आली. तोफेच्या बाजूला भोकापुढं तिचा कपड्यांचा ढीग होता, म्हणून लगेच कुणाला दिसलं नाही. आणि भोकातून नर्सबाईचा आवाज आला, अख्खाच्या अख्खा, जशी काही ती माझ्याच घरात बसलीय.

"नुसतं तोंड वळवू नका त्याचं. आपण मान पिळून पाणी पितो का? पोटाला पोट लावा, आईच्या पोटाला बाळाचं पोट."

मी भोकाकडं तोंड, सुनेकडं पाठ, असा उभा राहून जे ऐकलं ते मोठ्यानं सांगायला लागलो. "पोटाला पोट लाव, पोरी!"

"लावलं, मामंजी."

"आता त्याची हनुवटी आधी टेकव. त्याला... ह्याला."

"कशाला, मामंजी?"

आता मी काय सांगू? मी सासरा. आयुष्यभर हव्या तेवढ्या थापा मारल्या, कधी शब्द अडला नाही, पण तिथं माझी जीभ टाळ्याला चिकटली. "अगं ते... तिथं... जिथं ते असतं तिथं!"

"मामंजी, तुम्ही बाहेर जा नि ह्यांना आत पाठवा," सून म्हणाली. आवाजात रडं होतं, पण त्यात हसूही मिसळलं होतं. कितीतरी दिवसांनी.

मुलगा चिखलाच्या पायांनी आत गेला आणि भोकापाशी उभा राहिला. आणि इथं आमची चूक झाली. आम्हाला वाटलं, भोकातून आवाज नुसता आत येतो. तो बाहेरही जातो, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

नर्सबाई पलीकडून म्हणाली, "घाई नको. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा."

माझा मुलगा गरजला, "घाई नको! तोंड मोठं उघडेपर्यंत थांब!" शेताला पाणी देणारा माणूस तो, त्याला हळू बोलायची सवयच नाही.

मग नर्सबाई म्हणाली, "आजी, तुमची भिंत बोलते का हो?"

मी दारात श्वास धरून उभा. आता तोफ धडाडणार, गाव गोळा करणार, आणि मालक मला खोलीबाहेर काढणार. तर ही काय म्हणाली ठाऊक आहे? हिला मुंगी खोकली तरी ऐकू येतं. ती म्हणाली, "बोलते. उन्हानं तडकते ना, तसा आवाज येतो. तिच्याकडं लक्ष नका देऊ. पण बाई, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा सांगा, नि जरा मोठ्यानं सांगा. मला हल्ली कमी ऐकू येतं."

नर्सबाईनं पुन्हा सांगितलं. मुलानं पुन्हा सांगितलं. आणि पोरानं तोंड उघडलं, बरोबर धरलं, आणि ओढायला लागलं. रडं थांबलं. नुसता घटघट आवाज, विहिरीवरचा पंप सुरू झाल्यासारखा. माझा मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. चिखलाचे पाय पसरले आणि नुसता ऐकत राहिला.

मी आत जाऊन भोकात बघितलं, तर पलीकडून एक डोळा माझ्याकडं बघत होता. डोळा म्हणाला, "उंदीर झालेत भिंतीत." आणि गेला. आमचं बोलणं बंद होतं ना! पण पुढच्या वेळी नर्सबाई आली तेव्हा तिच्यासाठी ठेवलेलं स्टूल बरोबर भोकाच्या समोर होतं, आणि कपड्यांचा ढीग दुसरीकडं गेला होता.

"केर काढायचा होता मला," तोफ म्हणाली.

नर्सबाईला काय ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण तिला नेमून दिलेलं होतं, दुसऱ्या घरांत पाऊल टाकायचं नाही. तिनं टाकलं नाही. इमानदार पोरगी. भिंतीकडं तोंड करून बसायचं नाही, असं मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. दर भेटीला तिचा आवाज चढत गेला. पुढं पुढं तर ती "लेकराला ताप आला तर" असं म्हणाली की पलीकडच्या माळावरची मेंढरं माना वर करायची.

ही गोष्ट रांगेत लपून राहणार होती का? आमच्या दुसऱ्या बाजूला राहणारीचीही चिठ्ठी निघाली नव्हती. ती म्हणाली, "आबा, एक वीट माझ्याकडंही काढा." मग तिच्या पलीकडची. मी चमचा घेऊन अख्खी रांग फिरलो. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडं फुटली. शेवटी असं झालं की ह्या टोकाच्या खोलीत शिंकलं तर त्या टोकाचं लेकरू दचकायचं, आणि वारा सुटला की सगळी रांग बासरीसारखी वाजायची. मालकानं एकदा विचारलंही, "रोज संध्याकाळी हे वाजवतंय कोण?"

"हे जरा जास्त झालं, आबा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"तुझा जन्म नव्हता तेव्हा. गप्प बस."

एकदा भिंतीतून फर्मान आलं की बापानंही लेकराला उघड्या छातीवर घेऊन बसावं, त्याला ऊब मिळते, बापाचे ठोके ऐकू येतात. झालं! शेतावरून आले की सगळे बाप सदरे काढून आपापल्या दारात छातीवर एकेक गाठोडं घेऊन बसायचे. मालक घोड्यावरून चालला होता, तो घोडा थांबवून म्हणाला, "कपडे चोरीला गेले काय रे सगळ्यांचे?" मीही नातवाला घेऊन बसायचो. माझे छातीवरचे पांढरे केस त्याच्या नाकात जायचे, ते शिंकायचं, आणि परत तिथंच तोंड खुपसून झोपायचं.

नर्सबाई म्हणायची, लेकराशी बोलत राहा, त्याला काही कळत नाही असं समजू नका. मग मला दुसरं काय हवं? सगळ्या गोष्टी मी त्याला सांगितल्या. आणि काय हुशार पोर ते! मी थाप मारली की बरोबर त्याच जागी ढेकर द्यायचं.

"तेवढं एक खरं बोललास," तोफ म्हणाली.

असे महिने गेले. लेकरं गुटगुटीत झाली, तोफेची नात आणि माझा नातू तर सारख्या मापात काढलेल्या दोन विटा. सून आता भोकापाशी स्वतः बसायची. प्रश्न विचारायचा असला की भिंतीला म्हणायची, "समजा एखाद्या बाळाला दात येताना जुलाब झाले तर?" आणि पलीकडं तोफ म्हणायची, "बाई, समजा एखाद्या बाळाला दात येताना जुलाब झाले तर?" नर्सबाईचं तोंड सुनेनं कधी जवळून पाहिलं नव्हतं. भोकातून दिसायचे ते नुसते तिचे गुडघे नि पिशवी. आली गेली तर वाऱ्याला तोंड चुकवत, कापड गुंडाळून. सुनेला ठाऊक होता तो फक्त तिचा आवाज. पण तिच्या आईनं जे सांगायचं ते सगळं त्या आवाजानं सांगितलं.

आणि एके दिवशी तोच आवाज पडलेला आला. "आजी, मोठ्या बाई येणार आहेत, सगळी लेकरं बघायला. काळजीच आहे. वरचे लोक विचारतायत, भेट दिलेली लेकरं नि न दिलेली लेकरं सारखीच असतील तर नर्स पाठवायची कशाला? बंद करा. मी दोन वर्षं यायची होते, पण आता बहुतेक माझं येणं बंद होणार."

भिंतीच्या अलीकडं सून बसली होती. ती म्हणाली, "आता मी कुणाला विचारू?" एवढंच. मोठ्यानं नाही, पण भोकातून गेलं असावं, कारण पलीकडचं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी सगळ्या जमल्या. बेत तोफेचाच. म्हणाली, "सोपं आहे. सारखी आहेत म्हणून बंद होणार ना? मग सारखी दाखवायची नाहीत. ज्यांच्या घरी नर्सबाई येत नाही त्यांनी आपली लेकरं मरतुकडी दाखवायची."

"माझं का दाखवू मरतुकडं? तुझं दाखव!"

"माझं आहे काय मरतुकडं? मांड्या बघ त्याच्या!"

"माझ्या पोरीला मरतुकडी दिसायचं म्हणजे आधी एक महिना उपाशी ठेवावं लागेल, आणि ती मला खाऊन टाकेल."

आईला सांगा चोरी कर, करेल. खोटं बोल, बोलेल. पण लेकराला कुरूप म्हण, म्हटलं की संपलं. शेवटी ठरलं की मोठ्या बाई रांगेत आमच्या घरापासून सुरुवात करणार, तर पहिला ठसा आमच्या घरचा पडू दे. सून म्हणाली, "मी दाखवीन." एका वाक्यात. बाकीच्या तिच्याकडं बघतच राहिल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तोफ माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून टाकीला म्हणाली, "ह्याच्या तोंडाचं काय करायचं? हा एका दमात सगळं ओकेल."

मीही टाकीलाच म्हणालो, "सांगा तिला, मी तोंडातून ब्र काढणार नाही."

ठरलेल्या दिवशी वीट परत बसवली, वरून चिखल लिंपला, त्यावर मुलाचा कोट टांगला. पोराला बापाचा सदरा घातला. ढगळ कपड्यात पोर बारीक दिसतं म्हणतात. दिसतंही, पण गाल कुठं लपवणार? सदऱ्यातून असे बाहेर आले होते की पोतं शिवताना कांदे राहून जावेत. मुलाला बजावलं, पोर फावड्यासारखं धर. आता त्याला तसं धरता येईना! हात आपोआप मानेखाली जायचा. सुनेला सांगितलं, पोराकडं बघू नकोस, बोलू नकोस. ती जमिनीकडं बघत बसली आणि ओठ चावत राहिली.

मोठ्या बाई आल्या, मागून नर्सबाई. आमच्या घरात तिचं पहिलं पाऊल. सुनेनं मान वर केली, आणि ते तोंड असं बघितलं जसं काही ते कुठंतरी हरवलं होतं.

नर्सबाई बोलली, "काय रे बाळा, काय करतोस?"

आणि नातवानं काय करावं? आवाज ओळखीचा. त्याला वाटलं, ही बाई भिंतीत असते. त्यानं समोर उभ्या असलेल्या नर्सबाईकडं ढुंकूनही बघितलं नाही. मान गर्रकन भिंतीकडं वळवली, कोटाकडं बघून दोन्ही हात पसरले, आणि खिदळलं.

मोठ्या बाईंनी पोराकडं बघितलं. कोटाकडं बघितलं. नर्सबाईकडं बघितलं, तर ती छताचे पत्रे बघत होती. मग सदरा बघितला, गाल बघितले, आणि शेवटी माझ्याकडं वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, बाळ जरा रोडकं दिसतंय, नाही? अंगच धरलेलं नाही. घरात कुणी लक्ष देत नसणार."

लोकहो, माझी काय दशा झाली असेल! रोडकं! अंग धरलेलं नाही! लक्ष देत नाही! सून माझ्याकडं बघतेय, मुलगा माझ्याकडं बघतोय. पण मी शब्दाला जागणारा माणूस. मूग गिळले. दगड झालो. मुठी आवळल्या, डोळे मिटले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

आणि तेवढ्यात, काय सांगू, आमची शेळी! कुठून आली कोण जाणे, दावं तोडून आत घुसली, मोठ्या बाईंना वळसा घातला आणि कोटाला अशी धडक दिली की कोट खाली, चिखल खाली, आणि वीट पलीकडं! भोक उघडं पडलं. बाई खाली वाकल्या. भोकात तोफेचं तोंड. मग बाई वळल्या, दुसऱ्या भिंतीवरची चटई उचलली, तर तिथं भोक, त्याच्या पलीकडं भोक, त्याच्या पलीकडं भोक, आणि पार शेवटच्या खोलीत एक बाप उघड्या छातीवर लेकरू घेऊन बसलेला.

बाई जमिनीवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "मी कॉलेजात बसून विचार करतेय, फरक का दिसत नाही! भेटीला गुण नाही म्हणून नव्हे. भेट एका घरात थांबतच नाहीये. हेच सांगते वरच्यांना. भेटी बंद करायच्या नाहीत. ह्या रांगेत आता सगळ्यांकडं जायचं, आणि दारातून जायचं. तुलना करायला मी दुसरं गाव घेते, जिथं घरं लांब लांब आहेत."

"किती लांब, बाई?" मुलानं विचारलं.

"तुमच्या वडलांचा हात पोचणार नाही इतकी लांब."

सून उठली आणि नर्सबाईला म्हणाली, "बसा ना." आमच्याकडं स्टूल नव्हतं. घमेलं उपडं घातलं, त्यावर बसली ती.

तर अशी ती दोन वर्षं येत राहिली, रांगेतल्या दर घरी. आणि हे झालं कुणामुळं? त्या मुक्या जनावरामुळं. मी माझा शब्द पाळला. कुणी मला विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगतो, त्या दिवशी ह्या तोंडातून एक अक्षर...

"शेळी?" तोफेनं हातातला कांदा खाली ठेवला. "म्हाताऱ्या, तुझ्या घरात शेळी होती कधी? तुला जन्मात कुणी शेळी दिली नाही, तू तिला बोलून बोलून मारशील म्हणून! अगं पोरींनो, मी भिंतीपलीकडं उभी होते नातीला कडेवर घेऊन. वीट पडली ती माझ्या पायावर, आणि विटेमागून आला तो हात! चुन्यानं फाटलेला हात. शेळीला बोटं असतात का? मग भोकात ह्याचं थोबाड आलं, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि बोंबलतोय, 'म्हातारे, सांग ह्या बाईला! रोडकं म्हणतेय माझ्या नातवाला! आण तुझी नात, ठेव दोघांना काट्यावर!' शेळी म्हणे! नुसती शिंगं तेवढी नव्हती तुला."